टर्बो गाडीचा हीटर आणि कूलंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडू लागली की नाशिक, पुणे, महाबळेश्वर या भागांतून हीटर नीट तापत नसल्याच्या तक्रारी येतात, आणि मे-जूनमध्ये लेह किंवा स्पितीला निघालेल्यांकडून तोच प्रश्न पुन्हा येतो. उरलेले वर्षभर विचारणा होते ती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, हळूहळू कमी होण्याची. बहुतेक गाड्यांत या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जात असल्यामुळे तो महिनोन्महिने कोणता इशारा देत होता, हे कोणाच्या लक्षात येत नाही. नळ्यांची मांडणी प्रत्येक मॉडेलमध्ये थोडी वेगळी असते, त्यामुळे इथले उत्तर आणि गाडीचे मॅन्युअल यांत फरक आढळला तर मॅन्युअलचे ऐकावे.

१. हीटरला उष्णता कुठून मिळते? हीटर लावल्याने जास्त इंधन जळते का?

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा साधारण एक-तृतीयांश भाग कूलंटमध्ये उतरतो. हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागातून, बाहेर पडणाऱ्या या गरम कूलंटची एक शाखा डॅशबोर्डमागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये जाते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. ही उष्णता एरवी वायाच जाणार असते, म्हणून ब्लोअरला लागणाऱ्या विजेखेरीज हीटरचा वेगळा खर्च नाही.

पुढील सर्व उत्तरांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हीटर कोअरच्या नळ्या अगदी बारीक असतात आणि बऱ्याच गाड्यांत तो कूलंटच्या वाटेवर उंचावर बसतो. त्यामुळे कूलंट कमी झाले की आत शिरलेली हवा तिथे लवकर साठते आणि इंजिन तापण्याच्या कितीतरी आधी हीटर गार पडू लागतो.

२. माझी गाडी टर्बो आहे. त्यामुळे कूलंटच्या बाबतीत काय वेगळे होते?

टर्बो धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबतो; त्याच्या धुराकडच्या चाकाला टर्बाइन आणि दाबलेल्या हवेच्या जोराला बूस्ट म्हणतात. टर्बो-पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर येणारा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. त्याच्या शेजारच्या बेअरिंगमधले ऑइल करपू नये म्हणून त्या भागाभोवती कूलंट फिरवले जाते. त्यासाठी लागणाऱ्या बारीक नळ्या, पोकळ बोल्ट आणि तांब्याचे वॉशर हे सगळे इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या कोपऱ्यात असतात. काही गाड्यांत दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलरही कूलंटवर थंड होतो आणि त्यासाठी स्वतंत्र विद्युत पंप दिलेला असतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बो केवळ ऑइलवर थंड होतो, पण तिथे ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवला जाणारा धूर थंड करणारा) आणि ऑइल कूलर कूलंटवर चालतात. म्हणजे बिनटर्बो गाडीच्या तुलनेत सांधे जास्त, आणि गळतीच्या जागाही जास्त. बूस्टमुळे सिलिंडरमधला दाबही वाढतो. त्याचा परिणाम प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

३. गाडी बंद केल्यावरही बॉनेटखालून घरघर येते आणि पंखा फिरत राहतो. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. इंजिन बंद झाल्यावर टर्बोमधली उष्णता भोवताली पसरते, ती काढून नेण्यासाठी विद्युत पंप आणि पंखा काही मिनिटे चालू ठेवण्याची सोय अनेक गाड्यांत असते. मात्र पूर्वी असे होत नव्हते आणि आता बाजारापर्यंतच्या छोट्या फेरीनंतरही रोज होऊ लागले असेल, तर कूलंटची पातळी आणि तापमानाचा सेन्सर तपासून घ्यावा. किल्ली काढलेली असली तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो, हे बॉनेटखाली हात घालताना विसरू नये.

४. हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही कोमट हवा येते. गॅरेजला नेण्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

सुरुवात कूलंटच्या बाटलीपासून करावी. रात्रभर उभ्या असलेल्या, सपाट जागेवरच्या गाडीत पातळी किमान आणि कमाल या खुणांच्या मध्ये हवी. गरम इंजिनावर ही पातळी वर दिसते, त्यामुळे तेव्हाचा अंदाज फसवा असतो; शिवाय गरम असताना झाकण उघडले तर उकळते कूलंट तोंडावर उडते आणि गंभीर भाजते. झाकण फक्त थंड इंजिनावरच उघडावे.

पातळी ठीक असेल तर ब्लोअरची हवा जोरात येते का ते पाहावे. हवाच कमी येत असेल तर कूलंटला दोष देण्यापूर्वी केबिन फिल्टर काढून बघावा. आपल्या धुळीत तो वर्षभरात गच्च होतो.

त्यानंतर गाडी पंधरा-वीस मिनिटे प्रत्यक्ष चालवावी. जागेवर उभी ठेवून उपयोग नाही, कारण लहान टर्बो इंजिन नुसते आयडलवर ठेवले तर फारच कमी उष्णता देते. मग इंजिन बंद करून बॉनेट उघडावे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात शिरणारे शेजारी-शेजारी दोन रबरी पाइप दिसतात, तेच हीटरचे. पंख्यापासून दूर राहून त्यांना बोटांच्या मागच्या बाजूने क्षणभर स्पर्श करावा किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घ्यावे.

दोन्ही पाइप चटका देण्याइतके गरम असतील तर कूलंटचे काम चोख आहे. दोष केबिनच्या बाजूला, म्हणजे गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेत किंवा ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरमध्ये आहे. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर त्या मोटरचे दाते गेलेले असण्याची शक्यता मोठी. एक पाइप गरम आणि दुसरा जवळजवळ गार असेल तर हीटर कोअर तुंबलेला आहे, त्यात हवा अडकली आहे, किंवा ज्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर वॉल्व्ह असतो तिथे तो बंद अडकला आहे. दहा-पंधरा अंशांचा फरक मात्र स्वाभाविक समजावा. दोन्ही पाइप केवळ कोमट असतील तर इंजिनच पुरेसे तापत नाही, आणि त्याचे नेहमीचे कारण उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, हे असते (प्रश्न ७ पाहा).

५. गाडी पळत असताना हीटर गरम असतो, सिग्नलला थांबले की गार होतो. असे का?

कूलंट फिरवणाऱ्या पंपाचा वेग इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. कूलंट कमी असेल किंवा आत हवा असेल, तर जास्त आरपीएमवर पंप कसेबसे कूलंट हीटर कोअरपर्यंत चढवतो आणि आयडलवर ते जमत नाही. म्हणून या लक्षणाचा पहिला अर्थ कूलंट कमी असणे हाच घ्यावा.

पातळी योग्य असेल आणि हवाही नीट काढलेली असेल तर पंपाकडे वळावे; काही मेकॅनिक त्याला वॉटर बॉडी म्हणतात. काही इंजिनांत पंपाचा आतला पंखा प्लास्टिकचा असतो, त्याची पाती झिजतात किंवा तो दांड्यावर सैल होऊन घसरतो. बाहेरून पंप कोरडा आणि ठणठणीत दिसतो, त्यामुळे हा दोष सहज निसटतो. गार होण्यासोबत डॅशबोर्डमागून पाणी वाहिल्यासारखा खळखळ आवाज येत असेल, तर मात्र पंपापर्यंत जाण्याची गरज नाही. तो हवेचाच आवाज असतो.

६. ड्रायव्हरच्या बाजूला गरम आणि शेजारच्या सीटकडे गार हवा येते. हे कूलंटमुळे होऊ शकते का?

होऊ शकते. दोन्ही बाजूंचे तापमान वेगळे ठेवता येणाऱ्या गाडीत प्रत्येक बाजूची झडप आणि मोटर निराळी असते, त्यामुळे प्रथम संशय त्या मोटरवर जातो आणि स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) तिचा कोडही सापडतो. कोड नसेल तर हीटर कोअर अर्धवट तुंबला आहे असे समजून पुढे जावे, कारण कूलंट जिथून आत येते त्या बाजूच्या नळ्या गरम राहतात आणि लांबच्या गार पडतात. काही युरोपीय गाड्यांत कूलंटच्या टाकीतच सिलिकाची छोटी पिशवी ठेवलेली असते. ती फाटली की तिचे कण सगळीकडे फिरून नेमके हीटर कोअरमध्ये अडकतात. अशा वेळी कोअर उलट्या दिशेने धुवावा लागतो, आणि पिशवीसह टाकीही बदलावी लागते, नाहीतर काही महिन्यांत तीच तक्रार परत येते.

७. आमचे मेकॅनिक म्हणतात, थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही, गाडी कधी तापणार नाही. हे खरे आहे का?

हे खरे नाही, आणि आधुनिक टर्बो गाडीचे यात फार नुकसान होते. हा सल्ला ज्या काळातून आला तो समजून घेता येतो: जुन्या जीप आणि टेम्पोत साधे पाणी भरले जाई, गंजामुळे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकत असे आणि भर उन्हात घाटात गाडी उकळत असे. तेव्हा तो काढून टाकणे हा चालू शकणारा तोडगा होता. आजच्या इंजिनाचे सगळे गणित ते नव्वद अंशांच्या आसपास चालेल या गृहीतावर बसवलेले आहे.

थर्मोस्टॅट नसेल किंवा तो उघडा अडकला असेल, तर हिवाळ्याच्या पहाटे द्रुतगती मार्गावर कूलंट साठ-पासष्ट अंशांच्या वर चढतच नाही. हीटर कोमट राहतो, इंजिन अजून थंडच आहे असे समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त इंधन सोडत राहतो, मायलेज घसरते, आणि सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते. हेच ऑइल टर्बोच्या बेअरिंगला जाते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक संकट उभे राहते: इंजिन पुरेसे तापल्याशिवाय डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करण्याची क्रिया सुरूच करत नाही, आणि डीपीएफचा दिवा लागला म्हणून आलेली गाडी प्रत्यक्षात थर्मोस्टॅटची रुग्ण निघते. चेक इंजिनच्या दिव्यासोबत पी०१२८ हा कोड आला, तर त्याचा अर्थ कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचत नाही असा आहे.

यातली सर्वांत दुर्लक्षित बाब अशी की, थर्मोस्टॅट काढल्याने गाडी घाटात तापूही शकते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा खालचा भाग बायपासची वाट बंद करतो. तो भागच नसेल तर बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम इंजिनात परत जाते. गाडी तापत असेल तर चिखलाने बुजलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा, सैल झाकण आणि कमी झालेले कूलंट हे तपासावे, आणि थर्मोस्टॅट संशयास्पद वाटला तर त्याच तापमानाचा नवा बसवावा.

८. तापमानाचा काटा कायम बरोबर मध्यावर असतो. म्हणजे काळजीचे कारण नाही ना?

काट्यावर एवढा विश्वास ठेवू नये. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून कित्येक गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत काटा मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, आणि काही गाड्यांत तर काटाच नसतो, केवळ निळा आणि लाल दिवा असतो. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या, खोबणीत बसणारा स्वस्त ब्लूटूथ अॅडॉप्टर आणि मोबाइलवरचे अॅप एवढ्यावर खरे तापमान आकड्यांत दिसते, आणि टर्बो गाडीच्या मालकाने ही वस्तू जवळ ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. सुरू केल्यापासून किती मिनिटांत ८५ अंश होतात, घाट चढताना कुठवर जाते, उतारावर किती खाली येते, हे गाडी चांगली असतानाच पाहून ठेवले की पुढे बिघाड ओळखणे सोपे जाते.

अडचण सेन्सरचीही आहे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. कूलंट फार कमी होऊन तो हवेत उघडा पडला तर इंजिन भाजत असतानाही आकडा कमी दिसू शकतो.

९. काटा वर चढला आणि त्याच वेळी हीटरमधून गार हवा येऊ लागली. आता काय करायचे?

गाडी सुरक्षित जागी घेऊन ताबडतोब इंजिन बंद करावे. इंजिन तापलेले आणि हीटर गार याचा अर्थ कूलंट फिरतच नाही, एक तर ते संपले आहे किंवा पंप थांबला आहे. पुढचे गाव चार किलोमीटरवर आहे म्हणून गाडी तशीच रेटली, तर हेड वाकते.

तापलेल्या गाडीत हीटर पूर्ण गरमवर लावावा हा जुना सल्ला चुकीचा नाही, पण तो हीटरमधून कडक गरम हवा येत असेल तरच लागू पडतो. तसे असेल तर एसी बंद करून, हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावून, थोडे अंतर हळू चालवत सावलीत थांबता येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा पाइप हाताला मऊ आणि कोमट लागल्यावरच झाकण उघडावे.

१०. दर महिन्याला कूलंट घालावे लागते, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. ते जाते कुठे?

कूलंटचे परिपथ बंद असते, त्यामुळे महिन्याला पाव लिटर कमी होणे हे गळतीचेच लक्षण आहे. थेंब न दिसण्याची कारणे टर्बो गाडीत पुष्कळ आहेत.

टर्बोजवळच्या वॉशरमधून झिरपणारे कूलंट तापलेल्या लोखंडावर पडताच वाफ होऊन उडते. मागे राहतो तो फक्त खारासारखा सुकलेला थर, ज्याचा रंग कूलंटप्रमाणे गुलाबी, हिरवट किंवा पांढरा असतो. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढून, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पोकळ बोल्टच्या डोक्याखाली आणि पाइपच्या क्लिपांभोवती हा थर शोधावा. इंजिन गरम असताना तिथे काहीही ओले सापडणार नाही. पाइप दाबून पाहिला तर चांगले रबर लवचीक लागते, भाजलेल्या रबराला बारीक भेगा पडलेल्या दिसतात.

गॅरेजमध्ये पहिली मागणी प्रेशर टेस्टची करावी. थंड इंजिनावर, बाटलीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका, म्हणजे बहुतेक गाड्यांत १.१ ते १.५ बार दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटे काटा पडतो का ते पाहायचे. याच वेळी झाकणही वेगळे तपासून घ्यावे. सैल स्प्रिंगचे झाकण प्रत्येक लांब प्रवासात थोडे कूलंट वाफेच्या रूपाने सोडून देते, आणि ते बदलायचा खर्च या यादीतल्या कोणत्याही कामापेक्षा कमी आहे.

दाब पडतो पण बाहेर काही दिसत नाही, अशा वेळी आतल्या जागा उरतात. हीटर कोअर गळत असेल तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके जमते आणि पायाखालचा कार्पेट ओला लागतो. हा ओलावा एसीच्या पाण्यापेक्षा चिकट असतो, म्हणून बोटांना सहज ओळखू येतो. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेलमध्ये ईजीआर कूलर, आणि कूलंटवर चालणारा इंटरकूलर असलेल्या पेट्रोल गाडीत तो इंटरकूलर तपासावा. ईजीआर कूलरची गळती हलक्यात घेऊ नये. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या काही डिझेल गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा ईजीआर कूलरमधून गळणारे कूलंट हे कारण पुढे आले आणि कंपनीला एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उरलेली शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, ती पुढच्या उत्तरात आहे.

११. शहरात कूलंट अजिबात कमी होत नाही, पण घाट चढून आलो की पातळी खाली जाते. प्रेशर टेस्टमध्येही काही सापडले नाही. आता काय?

टर्बो गाडीतला हा खास फसवा प्रकार आहे. हेड गॅस्केटला किंचितच इजा झालेली असेल, तर शहरातल्या हलक्या चालीत ते नीट बसून राहते. कसारा किंवा आंबेनळी घाटात पूर्ण बूस्टवर चढताना सिलिंडरमधला दाब कित्येक पटींनी वाढतो, हेड केसभर उचलले जाते आणि जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो. हा वायू दाब वाढवून कूलंट झाकणातून बाहेर ढकलतो, हीटर कोअरमध्ये हवा साठवतो, आणि घाटमाथ्यावर हीटर अचानक गार पडतो. प्रेशर टेस्टचा दीड बार दाब त्या मानाने नगण्य असल्यामुळे तिच्यात हा दोष दिसत नाही.

घरी करता येणारी एक तपासणी अशी आहे. आदल्या दिवशी जोरात चालवलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी बाटलीचे झाकण हळू सैल करावे. रात्रभर थंड होऊनही फुस्स आवाज करत दाब सुटला, तर तो वाफेचा असणे शक्य नाही. झाकण लावून इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर संशय पक्का होतो. गॅरेजमध्ये बाटलीच्या तोंडाशी निळ्या रसायनाची नळी धरून चाचणी करतात. जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. ही चाचणी घाट चढून आल्यावर लगेच, किंवा गाडी भाराखाली चालवल्यानंतर करायला सांगावी. नुसत्या आयडलवर केली तर ती निर्दोष येऊ शकते.

१२. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरी साय दिसते. हेड गॅस्केट गेले का?

केवळ तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत, हवेतली वाफ झाकणाला साठून अशी साय येते. तासभर सलग चालवल्यावर ती जाते. डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ दिसले किंवा ऑइलची पातळी वाढलेली आढळली, तर मात्र इंजिन सुरू करू नये.

उलट प्रकार, म्हणजे कूलंटच्या बाटलीत तपकिरी चिकट थर, हा बऱ्याचदा ऑइल कूलरमुळे होतो. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्यामुळे फुटलेल्या कूलरमधून ऑइल कूलंटमध्ये जाते. हेड खोलण्याचा खर्च मान्य करण्यापूर्वी ऑइल कूलरची तपासणी झाली आहे का, हे अवश्य विचारावे.

१३. कूलंट कोणत्या रंगाचे घ्यावे? त्यात बोअरचे किंवा आरओचे पाणी चालेल का?

रंग पाहून कूलंट घेऊ नये. रंग हा उत्पादकाने घातलेला असतो, आणि दोन गुलाबी कूलंटचे रसायन पूर्णपणे वेगळे असू शकते. मॅन्युअलमध्ये दिलेला मानांकनाचा कोड डब्यावर आहे का, तेवढेच पाहावे. विसंगत कूलंट एकत्र झाली तर गाळ तयार होतो आणि तो पहिल्यांदा हीटर कोअर आणि टर्बोच्या बारीक नळ्या अडवतो.

कॉन्सन्ट्रेट घेतले असेल तर त्यात डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार तर तापलेल्या भिंतींवर हंड्याच्या बुडाशी बसतात तसे बसतात. आरओच्या पाण्यात क्षार कमी असले तरी शून्य नसतात, म्हणून ते केवळ अडचणीच्या वेळी वापरावे. रेडी-मिक्समध्ये पाणी घालू नये. पाणी न मिसळता नुसते कॉन्सन्ट्रेट भरणेही चूक आहे: शुद्ध इथिलीन ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, तर निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते आणि उष्णताही जास्त वाहून नेते.

१४. लेहला गाडी घेऊन जात आहोत. कूलंटचे काय बघावे?

महाराष्ट्रातल्या गाडीत वर्षानुवर्षे साधे पाणी घालून कूलंट पातळ झालेले असते, आणि इथे त्याचा त्रास जाणवत नाही. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटरवर त्याचा गोठणबिंदू मोजून घ्यावा. एक थेंब पुरतो. हिवाळ्यात जाणार असाल तर निम्मे मिश्रण असल्याशिवाय निघू नये, कारण आत गोठलेले पाणी ब्लॉकला तडा देते.

उंचीचा परिणाम उकळण्यावरही होतो. लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर उघडे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते, आणि ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला येथे त्याहूनही पाच-सहा अंश खाली. बाटलीचे झाकण सुस्थितीत असेल तर ते दाब धरून ठेवते आणि अडचण येत नाही. झाकण सैल असेल तर पुण्यात कधी न तापलेली गाडी तिथे उकळते. म्हणून प्रवासाआधी नवे झाकण बसवणे हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. मोठी चढण संपल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग इंजिन बंद करावे, टर्बोला त्याचा फायदा होतो.

१५. कूलंट बदलून आणले आणि तेव्हापासून हीटर गार आहे. काय राहिले असेल?

आत हवा राहिली आहे. थंड इंजिनावर, गाडीचे नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून सावकाश कूलंट भरावे. एअर काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. मग झाकण लावून पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी. ज्या टर्बो गाड्यांत विद्युत पंप आहेत, तिथे ही पद्धत अपुरी पडते. त्यांत स्कॅनरने पंप चालवून किंवा व्हॅक्युम लावूनच कूलंट भरावे लागते, आणि कूलंट बदलायला देतानाच ही सोय आहे का ते विचारून घ्यावे.

१६. हीटर कोअर गळतो आहे. डॅशबोर्ड न खोलता दोन पाइप एकमेकांना जोडून दिले तर चालेल का? की गळती बंद करणारे रसायन घालू?

रसायन घालू नये. ते भेग आणि बारीक नळी यांत फरक करत नाही, आणि टर्बोच्या नळीत त्याची गुठळी अडकली तर खर्च डॅशबोर्ड खोलण्याच्या कितीतरी पट होतो. पाइप जोडणे हा काही दिवसांचा तात्पुरता उपाय म्हणून बहुतेक गाड्यांत चालतो, पण पाइपांची तोंडे बुच मारून बंद करू नयेत. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असतानाचा कूलंटचा प्रवाह याच वाटेने फिरतो, काहींत टर्बोचा परतीचा पाइपही इथेच येऊन मिळतो. ती वाट बंद झाली तर थंड इंजिनात टर्बोकडचे कूलंट जागीच उकळू शकते.

१७. सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तरी सकाळी डिझेल गाडी वीस मिनिटे उभी चालू ठेवूनही हीटर तापत नाही. अजून काय बघायचे?

काही नाही, ही गाडी ठीक आहे. आधुनिक टर्बो-डिझेल आयडलवर इतके थोडे इंधन जाळते की शून्याच्या आसपासच्या हवेत ते तापणे कठीणच असते. उलट हीटरचा ब्लोअर त्याला आणखी थंड करतो. थंड देशांत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत यासाठी विजेवर तापणारा पूरक हीटर असतो, आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो दिलेला नसतो. गाडी सुरू करून अर्ध्या मिनिटात हलक्या पायाने निघावे, पहिली पाच मिनिटे ब्लोअर बंद ठेवावा आणि बूस्ट लागेल असा जोर ऑइल गरम झाल्यावरच द्यावा.

१८. काढलेले जुने कूलंट गटारात ओतले तर चालते का?

चालत नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. घरी काढलेले कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, त्यावर ठळक नाव लिहावे आणि वापरलेले ऑइल व कूलंट रीतसर गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. जमिनीवर सांडलेले कूलंट भरपूर पाण्याने धुवावे, आणि ते डबक्यात साचून राहणार नाही एवढे पाहावे.